तीन बोड्यांचा फेरा

मी जन्माची भित्री. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे म्हातारीनं राईचा पर्वत केला असं पुढे कोणी म्हणायला नको. आजही चंद्रपूरच्या या घरात नातवानं दोनदा फोन उचलला नाही की मी दाराशी जाऊन उभी राहते. सून म्हणते, आई, तो क्लासमध्ये असेल, तुम्ही उगाच जीव टांगणीला लावता. तिचं बरोबरच आहे. ती नवऱ्याला खुशाल नावानं हाक मारते, तोही तिला नावानंच बोलावतो, भांडणातसुद्धा. मला त्याचं वाईट वाटत नाही. उलट बरं वाटतं, पण का ते तिला कधी नीट सांगता आलं नाही. सांगायचं तर तीन बोड्यांपासून सुरुवात करावी लागेल, आणि तेवढा वेळ तिच्याकडे कुठला.

आमचं गाव गडचिरोलीच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. घरं मातीची, वर कवेलूंचं छप्पर, आणि गावाचा सगळा जीव धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत. धान गावतलावाच्या पाण्यावर, आणि गावतलाव डोंगरातल्या तीन बोड्यांच्या भरवशावर. बोडी म्हणजे लहानसा तलाव. कोण्या जुन्या काळच्या माणसांनी डोंगराच्या वळचणीला माती-दगडाची पाळ घालून पाणी अडवून ठेवलं होतं. चढताना लागायची ती कमळबोडी, डोंगराच्या पाठीमागे अस्वलबोडी, आणि दुसऱ्या बाजूनं उतरताना रायबोडी. पोळा झाला की पाळ कुठे खचली का, पाणी कुठून झिरपून राह्यलं का, हे पाहायला डोंगराभोवती एक फेरा मारावा लागे. सकाळी निघालेला माणूस दिवेलागणीच्या आत गावात. हे काम बाबांकडे होतं. त्याचा एक नियम होता: फेरा पुरा करायचा. अर्ध्यातून माघारी यायचं नाही, ज्या वाटेनं चढलो त्या वाटेनं उतरायचं नाही. अर्धा फेरा म्हणजे अर्धं पीक, असं गावात म्हणत. खरं-खोटं देव जाणे, पण तपासून पाहायची कोणाची छाती नव्हती.

त्या वर्षी बाबांना हिवताप झाला. पोळ्याच्या आधी आठ-पंधरा दिवस ते खाटेवर कुडकुडत पडलेले, अंगावर घरातल्या सगळ्या वाकळा. ताप उतरला पण पायात जीव नव्हता, आणि तोंडाची चव गेलेली. तोंडाची चव गेलेला माणूस घरात कसा असतो हे ज्यांनी भोगलंय त्यांनाच ठाऊक. मायनं लाखोरीची डाळ केली तर ती पातळ, अंबाडीची भाजी केली तर आंबट, नुसती पेज दिली तर मी काय म्हातारा झालो का. मुळात बाबांची बोलायची रीतच अशी होती. माय त्यांना 'अजी' म्हणायची. ते मायला काहीच म्हणायचे नाहीत. अंगणात उभे राहून हवेत तक्रार सोडून द्यायचे, पाणी नाई ठेवलं का, पायतान कुठी गेले, आणि ती कोणाच्या नावानं आहे हे माय चुलीपाशी बसून ओळखायची. नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायचं नाही, बायकोनं नवऱ्याचं घ्यायचं नाही, ही रीत तेव्हा घरोघरी होती, पण आमच्या बाबांनी ती जरा जास्तच मनावर घेतली होती. मायचं नाव सगुणा आहे हे मला मामाच्या गावाला गेल्यावर कळलं.

तर असे ते बाबा एका सकाळी उठून म्हणाले, मी फेऱ्याले जातो. मायनं नाही म्हटलं. दुसऱ्या कोणाला पाठवा म्हटलं. ज्याचं त्याचं काम ज्यानं त्यानं करावं, बाबा म्हणाले. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला गेलेली शेजारच्या गावची एक बाई जनावरानं ओढून नेली होती, तेव्हापासून एकटं कोणी डोंगरात शिरत नव्हतं. वाघाचं नाव आमच्याकडे जंगलाच्या गोष्टीत कोणी घेत नाही, 'जनावर' म्हणतात. मायनं दोन-तीनदा समजावलं, मग भाकरी थापायला बसली. तांदळाच्या भाकरी, लाखोरीचा झुणका, कांदा. फडक्यात बांधल्या तेव्हा बाबांना दिसलं की भाकरी एका माणसाच्या नाहीत. मी बी येतो, माय म्हणाली. मग मी रडायला लागले. दोघंही जंगलात जाणार आणि मी दिवसभर घरी बसून काय काय झालं असेल ते डोक्यात आणणार, यापेक्षा जनावरानं मला खाल्लेलं परवडलं. माझं रडणं कधी थांबत नसे हे दोघांनाही माहीत होतं. म्हणून तिघं निघालो.

आभाळ सकाळपासूनच भरलेलं. पाऊस नाही, पण ऊनही नाही, सूर्य कुठे आहे ते कळायला मार्ग नाही. वाटेवर चिखल, दोन्हीकडे ऐन आणि साग, सागाची पानं एवढी मोठी की त्यांच्यावरून थेंब पडला तरी मागे कोणी चालतंय असं वाटायचं. बाबा पुढे कुऱ्हाड घेऊन, मधात मी, मागे माय. पहिल्या चढालाच बाबांना धाप लागली. ते थांबायचे आणि उगाच झाडाकडे पाहायचे, जणू त्या झाडासाठीच थांबले. माय मला चालता चालता हळू आवाजात जंगलाचे नियम सांगत होती, जे तिनं मला आधीही सांगितले होते. जंगलात कोणाचं नाव घेऊन हाक मारायची नाही. हाक मारायची तर नुसतं 'हूऽऽ', आणि तीही तीनदा. आणि कोणी आपलं नाव घेऊन बोलावलं तर वळून पाहायचं नाही, ओ द्यायची नाही, उलट्या दिशेनं निघून जायचं. कारण तो चकवा. चकवा माणसाला एकाच जागी गोल गोल फिरवतो, आणि तो परक्याच्या आवाजात नाही बोलावत, आपल्याच माणसाच्या आवाजात बोलावतो. माझ्या बहिणीले तिच्या मेलेल्या सासूनं बोलावलं होतं, माय म्हणाली. मी तिचा पदर घट्ट धरला. मुलीची भीती जावी म्हणून मुलीला असं सांगणारी माझी माय, धन्य आहे तिची.

कमळबोडी ठीक होती. पाळीवर बसून आम्ही अर्ध्या भाकरी खाल्ल्या, झुणका खारट झाला असं बाबा म्हणाले, आणि पुढे निघालो. अस्वलबोडीपर्यंतचा चढ मात्र बाबांच्या अंगावर आला. ओठ पांढरे पडले होते त्यांचे. वर पोचलो तेव्हा दुपार कलली असावी. अस्वलबोडी म्हणजे तिन्ही बाजूंनी डोंगर आणि बांबूचं रान, मधात काळं पाणी. तिथे बोललं की आपलाच आवाज समोरच्या डोंगरावरून फिरून येतो. पाळीच्या पलीकडच्या टोकाला, पाणी सांडून जाते तिथे, दगड सरकल्यासारखे दिसत होते. बाबा ते पाहायला निघाले. मायला बांबूच्या रानात वास्ते दिसले. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, मोसम सरत आला होता, तरी पावसामुळे नवे फुटले होते. इथी मोहाखालीच राह्यतो, ती म्हणाली, चार वास्ते काढतो, तुमी या. मला म्हणाली, बाबासोबत जा, हात धर त्यायचा. हात धर म्हणजे ते पडले तर सावर, हे मला कळलं, बाबांनाही कळलं, आणि त्यांनी हात दिला नाही.

दगड खरंच सरकले होते. बाबांनी ते जागेवर बसवले, भेगांत माती दाबली, वर फांद्या टाकल्या, मीही ओंजळीनं माती दिली. किती वेळ गेला कळलं नाही. परत मोहाखाली आलो तर माय नाही.

बाबांनी 'हूऽऽ' केलं. तीनदा, मधे थांबत, रीतीप्रमाणे. समोरच्या डोंगरानं तीनदा परत दिलं. मायचं उत्तर नाही. मी बांबूच्या रानात पाहिलं तर सोललेल्या वास्त्यांच्या साली पडलेल्या, थोड्या इथे, थोड्या पुढे, मग एका नाल्यात उतरलेल्या, मग काही नाही. वास्त्यांमागे वास्ते करत ती नाल्यात उतरली असणार, तिथवर हाका पोचल्या नसणार, आणि वर आल्यावर तोंड कुठे करायचं ते तिला समजलं नसणार. ऊन असतं तर समजलं असतं. हे सगळं मी आता लिहिते आहे तितकं सरळ तेव्हा सुचलं नव्हतं. तेव्हा नुसती उन्हाळ्यातली ती बाई डोळ्यांपुढे येत होती, जिला मी कधी पाहिलंही नव्हतं. बाबांनी पुन्हा तीन हाका मारल्या. कुठेतरी वर वानरं खाकरली. जनावर दिसलं की वानरं खाकरतात, हे आमच्याकडे अंगणातलं पोरही सांगेल. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही आणि मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

गाव दोन्ही वाटांनी सारखंच लांब होतं. आम्ही फेऱ्याच्या बरोब्बर मधोमध होतो. माणसं बोलवायला एकानं जावं तर एकानं राहावं लागणार, आणि आमच्यातला एक आजारी, एक पोर. बाबा पाळीवर गेले. दोन्ही हात तोंडाभोवती धरले. आणि ओरडले,

"सगुणाऽऽ!"

बाबांच्या तोंडून ते नाव मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. बाबांनी नाव घेतलं म्हणजे सगळं संपलं, असंच मला वाटलं, मायचं काहीतरी झालं आणि ते बाबांना कळलंय. आणि तो आवाज बाबांचा असून बाबांचा नव्हता. घरात तक्रार करतानाचा आवाज असा नसे. हा फाटलेला होता, आणि त्यात विनवणी होती. "सगुणाऽऽ, कुठी हायेस वो?" डोंगर तेच नाव घेऊन परत बोलला. मग पलीकडच्या काठावर, लव्हाळ्यात, पाण्यात पाय पडल्यासारखा आवाज झाला, आणि थांबला.

आम्ही काठाकाठानं धावलो. बाबा दोनदा पडले. लव्हाळ्यापाशी पोचलो तर चिखलात पावलं होती. माय अनवाणी चालायची, डाव्या पायाचं करंगळीचं बोट तिचं बाहेर वळलेलं, त्यामुळे शंकाच नव्हती. पावलांत पाणी अजून भरत होतं. आत्ता, आम्ही येण्याच्या जरा आधी ती इथे उभी होती. आणि मग पावलांचं नुसतं पुढचं बोटांकडचं अंग रुतलेलं, टाचा नाहीत, पावलांतलं अंतर वाढलेलं. ती पळाली होती. बाबा गुडघ्यावर बसून चिखलात जनावराचा माग शोधायला लागले. या बाजूला, त्या बाजूला, पाण्याकडे, रानाकडे. मागच नव्हता. फक्त मायची पावलं, आमच्यापासून लांब जाणारी.

"कोनाले भेऊन पळाली ही?" बाबा म्हणाले. मग उठून त्यांनी पुन्हा जोरानं तिचं नाव घेतलं. आणि रानात, आम्हाला ऐकू येईल इतक्या जवळ, वाळकी फांदी मोडली, परत मोडली, आणि आवाज लांब लांब जायला लागला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी बाबांचा सदरा ओढला.

"बाबा, नाव नका घेऊ. माय आपल्यालेच भेऊन पळून राह्यली."

बाबांना कळेना. मी म्हटलं, तुमी तिले कधी नावानं बोलावता का? तिले वाटून राह्यलं चकवा तुमच्या आवाजात बोलावते. बाबांनी पुन्हा तोंडाशी धरलेले हात खाली घेतले. तापातून उठलेला माणूस, अंगभर चिखल, आणि ज्या बाईला शोधायला जीव काढत होता तीच त्याच्या हाकेला भिऊन रानात आत आत चाललेली. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मला त्यांची फार दया आली. इतकी कधी आली नव्हती.

आता 'हूऽऽ' करूनही उपयोग नव्हता. एकदा नाव घेऊन बोलावणाऱ्या चकव्याच्या कोणत्याही हाकेला ती फसली नसती. मी म्हटलं, घरी बोलता तसं बोला. बाबा म्हणाले, घरी मी काय बोलतो? खरंच त्यांना माहीत नव्हतं. मी म्हटलं, भांडा.

बाबांनी घसा साफ केला. मग अस्वलबोडीच्या काठावर उभे राहून, अंधारून येत चाललेल्या त्या रानाकडे तोंड करून, ते ओरडायला लागले. भाकरी कुठी ठेवल्या? इथी मानूस उपाशी मरून राह्यला! पान्याचा तांब्या बी सोबत नाई घेतला, कोनी घ्यायचा तो, मी? रान तसंच गप्प. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तोंडानं भांडण चालू. पोरीले उपाशी ठेवलं. वास्ते काय डोक्यावर मारायचे हायेत? आणि तो झुनका! झुनक्यात मीठ नाई, काई नाई, गवत खाल्ल्यासारखं लागलं मले!

मग बांबूच्या आतून, फार लांबून नाही, बारीक पण खणखणीत आवाज आला.

"सकाळी तं खारट म्हनत होते."

बाबा मटकन खाली बसले. मी धावले. माय बांबूच्या बेटाआड उभी होती, लुगड्याचा पदर उलटा घेतलेला, कारण चकवा लागला की कपडा उलटा घ्यावा असं म्हणतात. ओटीत वास्ते तसेच. एवढं पळताना एकही टाकला नव्हता. मी तिला मिठी मारली तर ती थंडगार होती आणि तिचे दात वाजत होते. तिनं आधी मला चाचपून पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून बाबांकडे पाहिलं, खरे आहेत का खोटे. बाबा उठले नाहीत. तिथूनच म्हणाले, चाल आता, अंधार होते. फेरा रायबोडीकडूनच पुरा केला. मायनं सांगूनही माघारी वळले नाहीत, पण या वेळी बाबांनी मायचा हात धरून उतार उतरला. कोण कोणाला सावरत होतं ते मागून मला कळलं नाही. रायबोडीची पाळ त्यांनी पाहिली की नाही, मला आठवत नाही. गावाचे दिवे दिसेपर्यंत प्रत्येक पानाच्या आवाजाला मी मायच्या पदराला हात लावत होते.

घरी आल्यावर मायनं चूल पेटवली आणि त्याच वास्त्यांची भाजी टाकली. मला झोप येत होती पण झोपायचं नव्हतं, ती डोळ्यांसमोरून हलली की मला धडकी भरायची. बाबा भिंतीला टेकून बसले. मायनं त्यांना आणि मला वाढलं, आणि नेहमीसारखी चुलीपाशी बसली. आमच्याकडे पुरुष आणि पोरं जेवल्यावर बाई जेवे. बाबांनी दोन घास खाल्ले. मग इतका वेळ मनात धरलेलं विचारलं, रागानंच विचारलं.

"माझा आवाज नाई ओळखला का तुनं?"

माय चुलीतली लाकडं सारत होती.

"ओळखला," ती म्हणाली. "तुमचाच होता. पन तुमी मले इतक्या मायेनं कवा बोलावता, अजी? मले वाटलं, हे माह्या मानसाचं काम नोहे. म्हनून पळाली मी."

तिनं टोमणा मारला नव्हता. तिच्या आवाजात ना राग होता ना रडू, जे झालं ते तिनं सांगितलं, पाणी कुठून झिरपलं ते सांगावं तसं. त्यामुळेच ते ऐकवेना. बाबांचा हात ताटात तसाच राहिला. चुलीत ओलं लाकूड सूंसूं करत होतं, आणि मी एकदा बाबांकडे एकदा मायकडे पाहत होते. बाबा आता काहीतरी म्हणतील, ते नाव पुन्हा घेतील, असं मला वाटत होतं, आणि ते घेतील याचीच मला भीतीही वाटत होती.

त्यांनी नाव घेतलं नाही. ताटाकडेच पाहत म्हणाले,

"तू बी बस नं जेवाले. भात थंडा होते."

मायनं लाकूड खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, बाहेरून कोणी पाहत तर नाही. मग स्वतःचं ताट घेऊन आली आणि बाबांच्या शेजारी, पण जरा पाठ फिरवून, जेवायला बसली.